माळ्यावरची वस्तू किती जुनी?

गोठा पाडून तिथे पत्र्याची शेड टाकायची ठरते, माळा रिकामा करायला दोन गडी वर चढतात आणि दुपारपर्यंत अंगणात ढीग लागतो. गंजलेला कंदील, लाकडी पायली, भोकं असलेलं एक विचित्र लाकडी भांडं, तांब्याचा बंब, फडक्यात बांधलेले कागद, पत्र्याच्या डबीत चार नाणी. जमलेल्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतो, ‘हे किती जुनं असेल हो?’ आणि लगेच दुसरा विचारतो, ‘याचे किती येतील?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा घरबसल्या काढता येतं. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा, एक भिंग आणि थोडी बेरीज-वजाबाकी पुरते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सहसा ऐकणाऱ्याला आवडत नाही, म्हणून ते प्रकरणाच्या शेवटी ठेवलं आहे.

१. वस्तू माळ्यावर का जाते?

मोडली म्हणून जाते, असं आपण धरून चालतो. पण खेड्यात मोडकी वस्तू माळ्यापर्यंत पोचत नाही. लाकूड चुलीत जातं, लोखंड लोहाराकडे जातं, फुटकं पितळ मोडीत जातं. माळ्यावर जाते ती धडधाकट वस्तू, जिचं काम संपलं आहे पण जी टाकवत नाही.

त्यामुळे अशा प्रत्येक वस्तूला दोन तारखा असतात. एक ती घडवल्याची आणि दुसरी ती वर टाकल्याची. आपण पहिलीच्या मागे लागतो, पण दुसरी सापडणं बरंच सोपं असतं. विहिरीवर इंजिन कधी बसलं, वाडीत वीज कधी आली, घरात गॅसची शेगडी कधी आली, हे घरातल्या कुणा ना कुणाला आठवतं. इंजिन आलं त्या साली पाणी उपसायची मोट वर गेली, विजेचा खांब दारात आला त्या साली कंदील गेले. आधी दुसरी तारीख पकडायची आणि मग तिच्या मागे मागे जात पहिली शोधायची, हा मार्ग मला सगळ्यात खात्रीचा वाटतो.

२. दोन मर्यादा

जन्मतारीख माहीत नसलेल्या म्हाताऱ्या माणसाचं वय गावात कसं काढत? ‘मानमोडीच्या साथीत मी रांगत होतो’ असं कुणी म्हणालं की १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ धरायची आणि एक-दोन वर्षं मागे जायचं. ‘प्लेगात गाव उठलं तेव्हा मी नव्हतोच’ हे कळलं की दुसरी बाजूही बंद झाली. वस्तूचं वय असंच काढतात. अमुक सालाच्या आधीची ती असूच शकत नाही, ही एक मर्यादा. तमुक सालानंतरची असूच शकत नाही, ही दुसरी. या दोन मर्यादा जितक्या जवळ आणाल तितकं उत्तर पक्कं.

रॉकेलच्या डब्यावर ‘बर्मा शेल’ असं उमटवलेलं आहे समजा. ही कंपनी भारतात १९२८मध्ये उभी राहिली आणि १९७६मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. आज आपण तिला भारत पेट्रोलियम म्हणतो. म्हणजे डबा १९२८ ते १९७६ या दरम्यानचा. अठ्ठेचाळीस वर्षांचा पट्टा जरा रुंदच झाला, पण ‘आजोबांच्या आजोबांचा डबा’ ही घरातली समजूत तेवढ्यानेच निकालात निघते.

आता पट्टा अरुंद करून पाहू. तपकिरीच्या डबीवर पत्त्यात ‘मुंबई राज्य’ असं छापलंय आणि किंमत ‘४ आणे’. ‘मुंबई राज्य’ हे नाव २६ जानेवारी १९५० ते ३० एप्रिल १९६० एवढ्याच काळातलं. त्याआधी इलाखा किंवा प्रांत होता, नंतर महाराष्ट्र झाला. आणे गेले १ एप्रिल १९५७ रोजी, दशमान नाणी आली त्या दिवशी. दोन्ही एकत्र धरलं तर डबी १९५० ते १९५७मधली. छापलेल्या पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर वस्तू १५ ऑगस्ट १९७२ नंतरचीच, कारण पिन कोड त्या दिवशी सुरू झाला. खजुराच्या झाडाचा पिवळा डालडाचा डबा १९३७च्या मागे जात नाही.

मराठवाड्यातल्या घरात हिशेब थोडा बदलतो. तिथे निजामाचं राज्य होतं, त्यामुळे चारमिनारचं चित्र असलेला हाली सिक्का आणि फसली सालाचे कागद सापडतात. विदर्भात १९५६पर्यंतच्या कागदांवर मध्य प्रांत किंवा मध्य प्रदेश दिसेल. आपलं गाव तेव्हा कोणाच्या अमलाखाली होतं, हे आधी विचारून घ्यावं.

मात्र एक पथ्य पाळावं लागतं. छापखानेवाले जुने ठसे संपेपर्यंत वापरत आणि दुकानदार जुना माल विकत राहत, म्हणून दोन-तीन वर्षं इकडे-तिकडे धरायचीच. शिवाय डब्याचं वय ते डब्याचं. आत ठेवलेल्या खिळ्यांचं किंवा नाण्यांचं वय त्यावरून ठरत नाही.

३. शेर दोन प्रकारचा

पायली, आदोली, शेर, मापटं ही धान्याची मापं. दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची आदोली, चार शेरांची पायली. हा शेर मापी आहे, म्हणजे तो जागा मोजतो, वजन नव्हे. एक पायली ज्वारी आणि एक पायली भात यांचं वजन सारखं भरत नाही. दुसरा शेर वजनी. गूळ, तूप, कापूस या वजनी शेराने विकत. नाव एकच असल्याने आज गोंधळ होतो, तेव्हा होत नसे, कारण कुठली जिन्नस मापाने द्यायची आणि कुठली काट्याने, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मापी शेर गावागणिक बदलायचा. एका तालुक्याची पायली शेजारच्या तालुक्यात लहान ठरायची. त्यात आणखी माप सपाट भरायचं की शिगोशीग, यावरून भांडणं व्हायची. म्हणून तुमच्या घरच्या पायलीत किती लिटर पाणी मावतं, यावरून फारसं काही सिद्ध होत नाही. तिच्या काठावर किंवा पट्टीवर भिंग धरून पाहा. सरकारी तपासणीचे ठसे असतील तर ती बाजारात चालणारी पायली होती. ठसे नसतील तर घरगुती, म्हणजे बलुतेदारांना घुगरी मोजून द्यायची किंवा रोजचं दळण काढायची.

वजनांचं मात्र नेमकं उत्तर मिळतं. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे ९३३ ग्रॅम आणि चाळीस शेरांचा मण म्हणजे ३७ किलोंहून थोडा अधिक. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि चांदीच्या कलदार रुपयाचं वजनही तेवढंच. मुद्दाम तसं ठरवलं होतं, म्हणून खेड्यातला सोनार वजन हाताशी नसलं तर तागडीत रुपया टाकायचा. आता माळ्यावर सापडलेलं लोखंडी वजन घासूनपुसून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. ४६६ ग्रॅमच्या आसपास भरलं तर अच्छेर, म्हणजे अर्धा शेर. २३३ भरलं तर पावशेर, ११७ भरलं तर नवटाक, ५८ भरलं तर छटाक. ४५४ भरलं तर तो रत्तल, म्हणजे इंग्रजी पौंड. बरोबर ५०० किंवा २०० भरलं तर वजन दशमान पद्धतीचं, म्हणजे १९५८ नंतरचं. गंजामुळे पाच-सात ग्रॅमचा फरक पडतो, तो सोडून द्यायचा.

दशमान वजनमापांचा कायदा १९५६चा. अंमल १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि १९६२मध्ये जुनी मापं बाजारातून कायद्याने हद्दपार झाली. पायल्या माळ्यावर चढल्या त्या याच चार वर्षांत. अर्थात कायदा बाजाराला लागू होता, स्वयंपाकघराला नव्हे. कित्येक घरांत तांदूळ आजही मापट्यानेच काढतात.

४. नाणी: साल वाचा, पण लगेच विश्वास ठेवू नका

नाण्यावर साल असतं, त्यामुळे ते सगळ्यात सोपं वाटतं. पण तसं नाही. तांब्याच्या शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरं असतात. ती दिसली की घरात एकदम शांतता पसरते, कुणीतरी हात जोडतं. पण शिवराई शिवाजी महाराजांनंतर पेशवाईभर पाडली जात होती आणि अनेक टांकसाळी तेच शब्द उमटवत होत्या. चलनात तर ती एकोणिसाव्या शतकातही होती. नाव महाराजांचं असलं तरी तुमच्या हातातलं नाणं शंभर-सव्वाशे वर्षं नंतरचं असण्याचीच शक्यता अधिक.

राणीच्या रुपयाचाही असाच घोळ आहे. १८६२ साल घातलेला व्हिक्टोरियाचा रुपया सगळ्यात जास्त सापडतो, कारण पुढे १८७४पर्यंत टांकसाळींनी सालच बदललं नाही. खरं वर्ष ओळखायला अभ्यासक नाण्यावरचे बारीक ठिपके मोजतात.

चांदी किती, हे मात्र सालावरून कळतं. १९३९पर्यंतच्या कलदार रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम. दुसऱ्या महायुद्धात चांदी दुर्मिळ झाली आणि १९४०पासून प्रमाण निम्म्यावर आलं. १९४७चा रुपया निकेलचा. म्हणजे १९१८चा रुपया आणि १९४७चा रुपया हातात सारखाच वाटला, तरी एकात तोळाभराला थोडी कमी चांदी आहे आणि दुसऱ्यात अजिबात नाही. मधोमध भोक असलेला पैसा १९४३ ते १९४७ या वर्षांतला. युद्धात धातू वाचवायला ते भोक पाडलं होतं.

आणि एक प्रकार सरळ बाजूला ठेवावा. राम, सीता, मारुती यांची चित्रं आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ असं साल असलेली तांब्याची नाणी. अशी नाणी कंपनीने कधीच पाडली नाहीत. त्या देवळाबाहेर विकायच्या मुद्रा आहेत. ‘लाखांत जाते’ म्हणून त्यांच्या नावाने जी फसवणूक चालते तिला तोड नाही.

५. भांड्यावर घातलेलं नाव

तांब्या-पितळेच्या भांड्याच्या काठाखाली टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं असतं. लग्नात माहेरून आलेलं घंगाळ असेल तर माहेरचं आडनाव, शिवाय कधी कधी साल. पंगतीला भांडी गावभर फिरायची, म्हणून नाव घालायची पद्धत. आज तीच आपली जन्मपत्रिका.

साल इसवी नसून शके असेल तर ७८ मिळवायचे. ‘शके १८४२’ म्हणजे १९२०. पण शक वर्ष गुढीपाडव्याला बदलतं. ‘शके १८४२, माघ’ असं असेल तर इंग्रजी वर्ष मध्येच उलटलेलं असतं, म्हणून ७९ मिळवायचे आणि उत्तर येतं १९२१. मराठवाड्यातल्या फसली सालात ५९० मिळवले की काम भागतं. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८.

साल नसेल तर भांड्याची घडण पाहा. तांबटाने ठोकून केलेल्या हंड्यावर हातोडीचे ठोके ओळीने दिसतात, त्याला मठारकाम म्हणतात. तळ आणि अंग वेगळं करून जोडलेलं असेल तर आतून बोट फिरवा, दातासारखी नागमोडी सांध्याची रेघ लागेल. यंत्रावर दाबून काढलेल्या भांड्याला सांधा नसतो आणि जाडी सगळीकडे सारखी असते. पण हाताने ठोकलेलं म्हणजे जुनंच, असं समजू नये. पुण्याच्या तांबट आळीत हे काम अजून चालतं.

६. लाकडाला साल नसतं

माळ्यावरचं सगळ्यात कोड्यात टाकणारं सामान शेतीचं. त्यावर ना ठसा, ना साल, आणि शहरात वाढलेल्यांना त्यातलं अर्धं ओळखूही येत नाही. वर सांगितलेलं भोकांचं लाकडी भांडं घ्या. वाटीएवढं, एका लाकडातून कोरलेलं, तळाशी तीन किंवा चार भोकं. कुणी म्हणतं चाळण, कुणी म्हणतं शेवेचा साचा. ते चाडं आहे, पेरणीच्या पाभरीचं.

पाभर म्हणजे फण बसवलेलं आडवं लाकूड. तीन फणांची असेल ती तिफण. प्रत्येक फणाच्या मागे एक पोकळ बांबूची नळी, आणि सगळ्या नळ्यांची वरची टोकं एकत्र येऊन चाड्याच्या भोकांत बसवलेली. बैल चालतात, फण जमिनीत चर पाडतात आणि मागून चालणारा माणूस, बऱ्याचदा बाई, मुठीतून बी चाड्यात सोडत जाते. बी भोकांतून वाटलं जातं आणि नळ्यांतून थेट चरात, ओलीपर्यंत पोचतं. हाताने फेकलेलं बी वरच राहतं, पाखरं खातात, उन्हाने वाळतं. पाभरीने ते एका खोलीवर आणि सरळ ओळीत पडतं. ओळी सरळ असल्यामुळेच पुढे पिकात कोळपं चालवता येतं.

यातली कसबी गोष्ट म्हणजे मूठ. चाड्यावर धरलेली मूठ किती सैल सोडायची, बैलांच्या चालीशी ती कशी जुळवायची आणि बी मधोमध कसं सोडायचं, म्हणजे सगळ्या भोकांत सारखं जाईल, हे सगळं बोटांत असे. मूठ चुकली की महिन्याभराने साऱ्या गावाला दिसायचं. एक ओळ दाट, शेजारची विरळ.

मग चाड्याचं वय कसं काढायचं? खरं सांगायचं तर सालात नाहीच काढता येत, आणि ‘हे दोनशे वर्षांचं’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर ऐकून घ्यावं आणि पुढे चालावं. पाभरीचा आकार पिढ्यान्‌पिढ्या बदललेला नाही. मात्र झीज बोलते. भोकांच्या कडा गुळगुळीत होऊन रुंदावल्या असतील तर चाडं अनेक हंगाम वापरलंय. फणांची टोकं लोहाराने पुन्हा पुन्हा भरली असतील तर तेच. अशा वस्तूत कुठे यंत्राने केलेला नटबोल्ट बसवलेला दिसला तर ती दुरुस्ती तरी अलीकडची.

लोखंडी नांगराच्या बाबतीत मर्यादा मिळते. लाकडी नांगर बाभळीचा, त्याला हाळस, रुमणं आणि तेवढा लोखंडी फाळ. तो माती उकरतो, उलथत नाही. माती पालथी करणारा लोखंडी नांगर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३च्या सुमारास बेळगावात तयार केला. सुरुवातीला तो खपेना. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. १९१०मध्ये औंध संस्थानाने जागा दिली आणि कारखाना किर्लोस्करवाडीला गेला. तेव्हा माळ्यावरच्या लोखंडी नांगरावर किर्लोस्करांचा ठसा असेल, तर वस्तू विसाव्या शतकातली, एवढं नक्की.

मोटेचं कातडं सहसा टिकत नाही. उरतात ती लाकडी चाकं, कणा, नाड्याचा तुकडा, फार तर पत्र्याच्या मोटेचा सांगाडा. कातड्याची मोट कुजायची, तिला तेल पाजावं लागायचं, म्हणून पुढे काही ठिकाणी पत्र्याची आली. मग इंजिनं आणि विजेचे पंप आले आणि दोन्ही प्रकार एकदमच थांबले. विहिरीजवळ बैल उतरायची धाव आणि पाणी ओतायचं थारोळं अजून दिसतं का, ते पाहा. दिसलं तर माळ्यावरचं ते चाक कुठलं, हे वेगळं सांगायला नको.

७. कंदील

कंदिलाच्या टाकीवर किंवा काचेवर नाव शोधा. ‘प्रभाकर’ असेल तर तो ओगलेवाडीचा. कऱ्हाडजवळचा ओगल्यांचा काच कारखाना १९१६मध्ये सुरू झाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर पोचला. त्याआधी आणि बरोबरीनेही परदेशी कंदील येत, त्यांवर देशाचं नाव असतं. ‘पश्चिम जर्मनी’ असेल तर १९४९ नंतरचा, कारण त्याआधी तो देशच नव्हता.

काचेच्या दोन्ही बाजूंनी वर जाणाऱ्या नळ्या निव्वळ धरायला नसतात. ज्योतीला लागणारी हवा त्यांतून खाली येते, म्हणून वाऱ्याचा झोत थेट वातीवर बसत नाही आणि कंदील घेऊन पावसात रानात जाता येतं.

८. फडक्यातले कागद

मला विचाराल तर सबंध ढिगात पहिल्यांदा हात घालावा तो इथे. आणि नेमकं हेच बोचकं ‘वाचता येत नाही’ म्हणून पहिल्यांदा बंबात जातं.

अक्षरं एकमेकांना जोडलेली, वर एक अखंड रेघ, शब्द कुठे तुटतोय ते कळत नाही, असं दिसलं की ती मोडी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जुन्या पिढीचे लोक हिशेब आणि खतं मोडीत लिहीत, तेव्हा मोडी म्हणजे शिवकाल, असं नाही. बऱ्याच घरांतले मोडी कागद ब्रिटिश अमदानीतले, गहाणखतं आणि वाटणीपत्रंच असतात. मुद्रांकाचा कागद असेल तर त्यावरचा राजा पाहा. सातवा एडवर्ड १९०१ ते १९१०, पाचवा जॉर्ज १९१० ते १९३६, सहावा जॉर्ज त्यानंतर.

अशाच बोचक्यांच्या शोधात वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा त्यांचा पहिला खंड १८९८मध्ये आला आणि पुढे वीसहून अधिक खंड झाले. १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं. तुमच्या कागदांत इतिहास बदलणारं काही निघेलच असं नाही. पण जमिनीचा जुना वाद, गावातल्या देवळाचं उत्पन्न, कुठल्या साली धान्याचा काय भाव होता, हे निघतं. मोडी वाचणारे जाणकार अजून आहेत, राज्याच्या पुराभिलेख विभागाकडे विचारणा करता येते. तोवर कागद उन्हात वाळवू नयेत, सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. कसर झटकून साध्या सुती कापडात सपाट ठेवावेत.

९. हात लावण्याआधी

माळ्यावर विंचू असतो, हे गावाकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. दुसरे धोके मात्र सांगायला हवेत. जुन्या कीटकनाशकांचे डबे तिथेच कोपऱ्यात असतात. बीएचसी पावडरवर १९९७पासून बंदी आहे, पण डबा उघडल्यावर तिचा वास अजून येतो. असे डबे उघडू नयेत, धुऊन वापरात तर आणूच नयेत. ठासणीची बंदूक सापडली तर ती भरलेलीच आहे असं धरावं, नळी कुणाकडे न वळवता जागीच ठेवावी आणि पोलीस पाटलाला कळवावं. शस्त्र कायदा आजोबांच्या बंदुकीलाही लागू होतो.

घासण्याचा मोह आवरा. चिंच-मिठाने घासलं की तांबं लखलखतं, कारण आंबट पदार्थ वरचा थर विरघळवतो. रोजच्या घंगाळाला ते चालतं. नाण्यावर मात्र तो काळपट थरच त्याचं संरक्षण करतो आणि घासलेल्या नाण्याची किंमत जाणकार लगेच पाडतो. फिकट हिरवा, भुकटीसारखा सुटणारा थर दिसला तर ती वस्तू कोरड्या जागी वेगळी ठेवा, कारण तो थर धातू पोखरणारा असतो. कळंक चढलेल्या भांड्यात कल्हई केल्याशिवाय काही शिजवू नये.

१०. आणि याचे किती येतील?

बहुतेक वस्तूंचे मोडीच्या भावाएवढे. वय आणि किंमत यांचा संबंध लोक समजतात तितका जवळचा नाही. शिवाजी महाराजांची तांब्याची शिवराई हजारोंनी सापडते, म्हणून स्वस्त. त्यांचाच सोन्याचा होन क्वचित सापडतो, म्हणून त्याची किंमत कुठल्या कुठे. राजा तोच, काळ तोच. गिऱ्हाईक किती आणि माल किती, यावर सगळं ठरतं. ‘तांदूळ ओढणारं’ तांब्याचं भांडं किंवा जुन्या रेडिओतला ‘लाल पारा’ शोधत कुणी दारात आला तर त्याला पाणीही विचारू नका. हे दोन्ही ठकांचे धंदे आहेत.

कायद्याच्या तीन गोष्टी लक्षात असाव्यात. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, नाणं किंवा मूर्ती १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येते. ऐतिहासिक महत्त्वाच्या हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षं पुरतात. अशी वस्तू परदेशी विकता किंवा पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. दुसरी गोष्ट, माळ्यावरचं आणि मातीतलं वेगळं. गोठा पाडल्यावर पाया खणताना किंवा जुनं पेव उकरताना दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही निघालं तर १८७८चा निखात निधीचा कायदा लागतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपये ही रक्कम १८७८ची आहे, हे वाचून हसू येईल, पण मर्यादा तीच आहे.

तिसरी गोष्ट कायद्यापेक्षा भाऊबंदकीची. वाटणी न झालेल्या घराच्या माळ्यावरचं सामान सगळ्या वारसांचं असतं. तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी मुंबई-पुण्याच्या चुलत्यांना, आत्याला फोटो पाठवावेत. वस्तूचं नाव, ती कोण वापरायचं आणि ती कधी वर गेली, हे तीन प्रश्न बरोबर जोडावेत. निम्मी उत्तरं त्याच संध्याकाळी येतात, आणि बंबावर ‘माझंही नाव आहे’ हेही तेव्हाच कळतं.